फ्रीडमन्स बँकेची खातेवही वाचताना

खातं उघडायच्या अर्जावरचे रकाने असे: खाते क्रमांक, तारीख, जन्म कुठला, लहानाचा मोठा कुठे झाला, सध्या मुक्काम कुठे, वय, वर्ण, धंदा, काम कुणाकडे, नवरा किंवा बायको, मुलं, बाप, आई, भाऊ, बहिणी, शेरा, सही. सुरुवातीच्या काही वह्यांत आणखी दोन रकाने आहेत, जुन्या मालकाचं नाव आणि मळ्याचं नाव. हे अर्ज १८६५ ते १८७४ या काळातले आहेत. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांत जी माणसं यादवी युद्धानंतर नुकतीच गुलामीतून सुटली होती, ती त्यांच्यासाठीच काढलेल्या या बचत बँकेच्या टेबलासमोर उभी राहून ही माहिती सांगत होती आणि कारकून ती लिहून घेत होता.

मी सगळी नोकरी बँकेत केली, तीही तालुक्याच्या गावातल्या शाखांत. आधी बचत खात्याचं काउंटर, मग कर्ज विभाग, आणि शेवटची वर्षं महिला बचत गटांची खाती आणि त्यांची कर्जं. अर्ज भरून घेणं हा माझ्या रोजच्या सवयीचा भाग. लिहिता न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून आम्हीही आईचं नाव, अंगावरची खूण असं विचारत असू. त्यामुळे या बँकेनं एवढी नातीगोती का विचारली ते मला लगेच कळलं. अंगठा, सही, फोटो यांतलं काहीच भरवशाचं नसेल तर माणूस ओळखायचा त्याच्या माणसांवरून. पण भावाच्या रकान्यात ‘युद्धाआधी विकला, पत्ता नाही’ असं उत्तर लिहिलेला अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. असे अर्ज एकापाठोपाठ एक येतात. आई अमुक राज्यात विकली, बाप मेला, दोन बहिणी टेक्सासला नेल्या. आणि त्याच्याच वरच्या ओळीत, धंदा: कपडे धुणे.

या कागदांपर्यंत मला लेकीनं आणलं. ती मेरीलँडमध्ये राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले होते आणि बाळ झोपलं की हात रिकामे. “आई, तुला जुने हिशेब वाचायची सवय आहे, हे बघ,” म्हणत तिनं स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संस्थेचं संकेतस्थळ उघडून दिलं. वॉशिंग्टनमधलं त्यांचं आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय फ्रीडमन्स ब्युरोचे कागद स्वयंसेवकांकडून टंकून घेतं. ब्युरो म्हणजे ३ मार्च १८६५ ला अमेरिकेच्या काँग्रेसनं काढलेलं सरकारी खातं. मुक्त झालेल्यांना अन्न, औषध, शाळा, मजुरीचे करार, तक्रारींची दाद असं सगळं त्याच्या गळ्यात, आणि हाताशी माणसं मोजकी. १८७२ मध्ये ते बंदही झालं. मागे राहिली हातानं लिहिलेली लाखो पानं.

काम असं चालतं. पडद्यावर पानाचं छायाचित्र येतं आणि सोबत रिकामी चौकट. पानावर आहे ते जसंच्या तसं टंकायचं, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच. शब्द लागला नाही तर दुहेरी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. पान पुरं झालं की तपासणीला सोडायचं. दुसरा कुणी स्वयंसेवक मूळ पानाशी ताडून पाहतो आणि शेवटी संग्रहालयाची माणसं मान्यता देतात. टंकायला नाव नोंदवण्याची गरज नाही, दुसऱ्याचं पान तपासायचं असेल तर मात्र नोंदणी लागते.

अक्षर बसायला वेळ लागला. दोन ‘एस’ लागून आले की पहिला लांब ओढलेला, ‘एफ’सारखा दिसणारा. विल्यमचं ‘डब्ल्यूएम’, जॉनचं ‘जेएनओ’. वरचंच पुन्हा असेल तिथे ‘डीओ’, म्हणजे आपला कित्ता. माझी पद्धत अशी ठरली की पानाच्या उजव्या कडेपासून सुरुवात करायची. आकडे कुठल्याही भाषेतल्या कारकुनाचे आधी लागतात. रक्कम कळली की ती कशापोटी ते कळतं, ते कळलं की ओळ उलगडते, आणि नाव सगळ्यात शेवटी.

माझ्या वाट्याला पहिल्यांदा आले ते मजुरीचे करार. जानेवारी ते डिसेंबर असा वर्षाचा करार, बहुतेकदा जुन्याच मालकाशी. धडधाकट गड्याला महिना १० डॉलरच्या आसपास, बाईला त्याहून कमी, किंवा पिकातला वाटा. बऱ्याच करारांत अर्धी मजुरी वर्षाअखेरीपर्यंत मालकाकडेच राहायची. आजारपणाचे दिवस कापायचे, औषध कापायचं, कपडे दिले तर ते कापायचे. त्यानंतर तक्रारींच्या वह्या आल्या आणि त्यांत त्याच करारांचं पुढचं पान होतं: कापूस वेचून झाला आणि मालकानं हिशेब न देता हाकलून लावलं. हे इतक्या वेळा येतं की टंकताना बोटांना ते वाक्य पाठ होतं.

मजुरीत हा प्रकार, म्हणून ज्याला जमेल तो स्वतःचं काहीतरी सुरू करायला बघत होता. लोहार, सुतार, न्हावी, शिवणकाम करणाऱ्या बाया, स्वयंपाकिणी, गाडीवान, कालवं काढणारे कोळी. हुन्नर गुलामीतच शिकलेला, फक्त तोवर कमाई मालकाच्या खिशात जायची. आता ती स्वतःच्या खिशात येणार होती.

एका पत्रात परवान्याचा विषय निघाला म्हणून मी मूळ कायदा शोधून वाचला. साऊथ कॅरोलायना राज्यानं डिसेंबर १८६५ मध्ये केलेला. शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा कुठलाही धंदा स्वतःच्या नावावर करायचा असेल तर कृष्णवर्णीय माणसानं जिल्हा न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा, तोही एका वर्षापुरता. दुकानदार किंवा फेरीवाला असेल तर वर्षाला १०० डॉलर, कारागीर असेल तर १० डॉलर. शिवाय धंद्यातलं कसब आणि चांगली वर्तणूक यांबद्दल न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे. गोऱ्या दुकानदाराला यातलं काही नाही. महिना १० डॉलर मजुरी, तीही अर्धी अडकलेली, आणि टोपली डोक्यावर घेऊन फिरायचे १०० डॉलर. मिसिसिपीनं तर गावाबाहेर कृष्णवर्णीयांना जमीन भाड्यानं घ्यायलाही बंदी केली. साऊथ कॅरोलायनातला कायदा तिथल्या लष्करी अधिकाऱ्यानं, जनरल सिकल्सनं, जानेवारी १८६६ मध्ये रद्दबातल ठरवला. पण परवान्याचं हत्यार गावोगावच्या नगरपालिकांकडे राहिलंच.

कर्ज विभागात बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो तारणाचा. या लोकांकडे तारण काय होतं? १६ जानेवारी १८६५ च्या हुकुमानं उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मननं साऊथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली. सुमारे ४०,००० माणसं तिथे राहायला गेली, पेरण्या केल्या. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत द्यायला लावली. ब्युरोचा प्रमुख जनरल हॉवर्ड, त्याला स्वतःला ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावर जाऊन लोकांना हे सांगावं लागलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या अडचणींची मुळी इथे आहे. ४० एकरांवर नुसतं धान्य पिकलं नसतं, त्या ४० एकरांवर पैसा उभा राहिला असता. जमीन गेल्यावर तारण ठेवायला उरलं फक्त उभं पीक, आणि ते गावच्या दुकानदाराकडे गहाण पडायचं. बी-बियाणं, पीठ, मीठ, जोडे त्याच्याकडून उधार, रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हिशेब त्याच्याच वहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको.

आणि तरीही ही माणसं पैसे साठवत होती. बँकेच्या वह्या मी लेकीच्या घरी रात्री बसून पाहायला लागले. त्या आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मागे यूटा राज्यातल्या तुरुंगातल्या कैद्यांनी ११ वर्षं खपून त्यातली नावं नोंदवून काढली होती, जवळपास ४,८०,००० नावं. ज्यांना आपल्या खापरपणजोबांचं नाव शोधायचंय अशा कृष्णवर्णीय कुटुंबांना आज या वह्यांचा फार आधार आहे.

फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या सनदेवर लिंकननं सही केली ती ३ मार्च १८६५ ला, ब्युरो निघाला त्याच दिवशी. ५ सेंटवर खातं उघडायचं. १७ राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून ३७ शाखा झाल्या. पासबुकावर लिंकनचं चित्र, आत दारू-तंबाखूपासून लांब राहण्याचा उपदेश, आणि रोज १० सेंट वाचवले तर १० वर्षांत व्याजासकट किती होतील याचा तक्ता. बँक खाजगी होती, पण पासबुक पाहून ती सरकारी वाटावी अशी सगळी मांडणी होती, आणि गावोगाव फिरणारे तिचे लोकही तसंच सांगत. शिवाय घरात पैसा ठेवण्याची सोय नव्हती. मे १८६६ मध्ये मेम्फिस शहरात गोऱ्या जमावानं तीन दिवस धुमाकूळ घातला, ४६ कृष्णवर्णीय मारले, घरं, चर्च आणि शाळा जाळल्या आणि घराघरातून रोकड लुटली. पलटणीतून सुटलेल्या सैनिकांचा पगार त्यात गेला. अशा गावात बँक म्हणजे जिवाचा आधार वाटणारच.

सहीच्या रकान्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबत असे. कारकून नाव लिहितो, नाव आणि आडनावाच्या मध्ये खातेदार फुलीचं चिन्ह करतो आणि फुलीच्या वर-खाली ‘त्याची खूण’ किंवा ‘तिची खूण’ असं बारीक लिहिलेलं. फुलीच्या रेघा दाबून काढलेल्या, काही ठिकाणी निबेची दोन टोकं फाकून एका रेघेच्या दोन झालेल्या. मध्येच एखादी सही सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलेली. प्रौढ वयात अक्षर ओळख झालेल्या माणसाची सही मला कुठेही ओळखता येते. बचत गटाच्या बाया पहिल्यांदा सही करायच्या तेव्हा टेबलाच्या या बाजूला मी असायची.

धंद्याच्या रकान्यात बायकांचं सगळ्यात जास्त येतं ते धुणं आणि इस्त्री. भांडवल कमीत कमी लागणारा तो धंदा होता. तसाच खाण्याचा. व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं जंक्शन आहे, दोन रेल्वेमार्ग मिळतात तिथे. गुलामीतून सुटलेल्या बाया डोक्यावर परात घेऊन फलाटावर उभ्या राहायच्या आणि डब्याच्या खिडकीतून तळलेलं कोंबडीचं मांस, बिस्किटं, कॉफी विकायच्या, कारण त्या काळी गाडीत जेवणाचा डबा नसायचा. त्या धंद्यावर बायकांनी घरं उभी केली. पुढे गावानं त्यांच्यावरही परवाना बसवला.

आता जे मला बँकेची माणूस म्हणून सहन होत नाही ते सांगते. या बँकेत ठेव ठेवता येत होती, कर्ज मिळत नव्हतं. मूळ सनदेप्रमाणे ठेवींचा दोनतृतीयांश भाग सरकारी रोख्यांत गुंतवायचा होता, म्हणजे धुणंवालीचे पैसे सुरक्षित, पण तिला दुसरी कढई घ्यायला त्यांचा उपयोग नाही. १८७० मध्ये सनद बदलून घेतली आणि स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्ज द्यायची मुभा मिळवली. मालमत्ता होती कुणाकडे? ती कर्जं मुख्यतः वॉशिंग्टनमधल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना, बांधकामवाल्यांना आणि विश्वस्तांच्या ओळखीच्यांना गेली. अर्थ समितीचा प्रमुख होता हेन्री कुक, बडा सावकार जे कुक याचा भाऊ. सेनेका सँडस्टोन नावाच्या दगडखाणीच्या कंपनीला ज्या कागदांवर कर्ज दिलं त्यांना बाजारात जवळजवळ किंमत नव्हती. दक्षिणेतल्या गावांतून ५-१० सेंटांनी गोळा झालेला पैसा वॉशिंग्टनला गेला आणि दुसऱ्यांच्या धंद्याचं भांडवल झाला.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुकची पेढी बसली आणि देशभर मंदी आली. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कामात औदार्य दाखवल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मला फार वाईट वाटतं. पुण्यात बसून एका माणसाला त्या मुक्तीचं एवढं मोल वाटत होतं, आणि तिकडे मुक्त झालेल्यांची पुंजी बुडत होती.

मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लसला बँकेचा अध्यक्ष केलं. तो स्वतः गुलामीतून पळून आलेला, त्याच्या नावावर लोकांचा विश्वास. त्यानं बँकेला पदरचे १०,००० डॉलर दिले आणि मग हिशेब बघत गेला तसं त्याच्या लक्षात आलं की आत काही उरलेलं नाही. त्यानं सिनेटच्या समितीला जाऊन खरं सांगितलं. जून १८७४ च्या शेवटी विश्वस्तांनी बँक बंद केली. ६१,१४४ ठेवीदार आणि देणं सुमारे ३० लाख डॉलर. मी भागाकार केला, सरासरी ४९ डॉलर येतात. ४९ डॉलर म्हणजे एक जुनं खेचर, किंवा न्हाव्याच्या दुकानाचा आरसा आणि खुर्ची.

पुढची वसुली मी हप्त्याहप्त्यानं वाचली. १८७५ मध्ये २० टक्के, १८७८ मध्ये १०, १८८० मध्ये १०, १८८२ मध्ये १५, १८८३ मध्ये ७. सगळे मिळून ६२ टक्के, तेही ज्यांनी पासबुक सादर केलं त्यांना. जवळपास निम्म्या लोकांना काहीच मिळालं नाही. कुणी गाव सोडलेलं, कुणाचं पासबुक हरवलेलं, कुणाच्या दारात नोटीसच पोचली नाही. उरलेली रक्कम सरकारनं द्यावी म्हणून अर्ज जात राहिले, ती कधी दिली नाही. बुडीत पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पिशवीत पासबुक घेऊन बसलेल्या बाया मी आमच्या गावात पाहिल्यात. त्यांनाही हप्त्यानं काही टक्के मिळाले. तेव्हा हे आकडे वाचताना मला ठेवीदाराचा चेहरा कल्पनेनं उभा करावा लागला नाही.

त्या काळी बुडण्याचा दोष बराचसा शाखांमधल्या कृष्णवर्णीय कारकुनांवर आणि त्यांच्या ‘अडाणी’ गिऱ्हाइकांवर ढकलला गेला. काही शाखांत अफरातफर झाली हे खरं. पण बँक बुडाली ती मुख्य कचेरीतल्या कर्जांनी. ताळेबंद वाचता येणाऱ्या कुणालाही ते दिसेल.

लेक एकदा मला बाल्टिमोरला घेऊन गेली, फेल्स पॉइंटच्या धक्क्यावर. तिथे एक छोटं संग्रहालय आहे. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी ताग आणि डांबरानं बुजवण्याचं काम तिथले कृष्णवर्णीय कारागीर करायचे, डग्लससुद्धा गुलाम असताना हेच काम करायचा. १८६५ मध्ये गोऱ्या कामगारांनी संप करून त्यांना गोदीतून हुसकलं. मग आयझॅक मायर्स आणि सोबत्यांनी १८६६ मध्ये ५ डॉलरचा एक असे शेअर विकून १०,००० डॉलर उभे केले, वरून कर्ज काढलं आणि स्वतःची गोदी चालवली. मायर्स जन्मानं स्वतंत्र होता, भागधारकांत मात्र जन्मानं स्वतंत्र आणि गुलामीतून सुटलेली अशी दोन्ही प्रकारची माणसं होती. कर्ज फेडलं, गोऱ्या कामगारांनाही कामावर ठेवलं. १८८४ मध्ये गोदी बंद झाली, कारण जागेची मालकी त्यांची नव्हतीच आणि भाडं अवाच्या सवा वाढवलं गेलं. सतरा-अठरा वर्षं चाललेला धंदा जागेच्या कागदावर अडला. नावेच्या सांगाड्याजवळ ठेवलेल्या त्या लाकडी हातोड्यांकडे बघत मी बराच वेळ उभी होते. जावई गाडी लावून आला तरी मी तिथंच.

१८८१ च्या जुलैत अटलांटामध्ये धुणंवाल्या बायकांनी संप केला. २० जणींनी सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत ३,००० जणी झाल्या. मागणी एकच, १२ पौंड कपड्यांना १ डॉलर. नगरपालिकेनं धमकावलं की धुणंवालीवर २५ डॉलर परवाना बसवू. बायकांनी महापौराला पत्र लिहिलं की २५ काय, ५० मागा, आम्ही भरतो, पण मग दर आमचा आम्ही ठरवू. शेवटी पालिकेनं परवान्याचा प्रस्ताव सोडून दिला.

परत आल्यावर आमच्या जुन्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. गटाच्या अध्यक्ष आक्का, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, त्यांनी मध्येच विचारलं, “मॅडम, कर्ज द्यायच्या आधी त्या बायांना इचारलं व्हतं का?” मी सांगितलं, सनदेत ५० विश्वस्त होते, ठेवीदारांना मत नव्हतं. “मंग कसली वो बँक त्यांची?” आक्का म्हणाल्या. त्यांच्या गटात ज्या बाईला कर्ज हवं तिनं सगळ्यांसमोर उभं राहून कशासाठी ते सांगायचं असतं.

सध्या मी जॉर्जियातली एक तक्रारवही टंकतेय. फार फिकट शाई आहे, पडद्याचा प्रकाश वाढवून एकेक ओळ मोठी करून वाचावी लागते. ज्यांना हे काम करून पाहायचं असेल त्यांनी आधी सुटी पत्रं घ्यावीत, ती सलग अक्षरात असतात आणि अंदाज लवकर येतो. वह्या नंतर. आणि तपासणीची पानं कुणी घेतली तर फार बरं होईल, टंकणारे भेटतात पण ताडून बघणारे कमी पडतात.